ला पुशचा सेकंड बीच: आई-बाबांना जंगलवाटेने समुद्रावर नेता येईल का?

मृण्मयी_सिएटल (विषय सुरू केला)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जुलैअखेर पहिल्यांदाच इकडे येत आहेत. बाबा ७४ वर्षांचे, आई ६९. दोघांचं आयुष्य गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अगदी कडेला गेलं. इकडे काय काय बघायचं असं फोनवर विचारलं तर बाबा म्हणाले, "बाकी तुला वाटेल ते दाखव, पण पलीकडचा समुद्र दाखव." आमच्या घराजवळ पाणी आहे, पण ते प्युजेट साउंडचं. बाबा त्याला खाडीच म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. त्यांना पॅसिफिक दाखवायचा आहे.

आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावरचा, ला पुश गावाजवळचा सेकंड बीच मनात आहे. मी एकदा एकटी गेले होते, चार वर्षांपूर्वी, भर पावसात. ते जंगल आणि अचानक समोर आलेले ते समुद्रातले खडकांचे सुळके अजून डोळ्यांसमोर आहेत. पार्कच्या माहितीत एका बाजूचं अंतर ०.७ मैल दिलंय, म्हणजे एक किलोमीटरच्या जरा वर. पण आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे. सपाटीवर ती तासभर आरामात चालते. पायऱ्या उतरताना मात्र तिला कठडा लागतो.

कुणी वयस्कर माणसांना घेऊन तिथे गेलं आहे का? ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जायचा विचार आहे.

घाटवाट

आम्ही दोन वेळा गेलो आहोत, एकदा सासूबाईंना घेऊन. वाट आठवते तशी लिहितो.

गाडी लावली की लगेच थोडा उतार आणि ओढ्यावरचा लाकडी साकव. मग हलका चढ. मधला टप्पा सगळ्यात सोपा. दोन माणसं शेजारी शेजारी बोलत जाऊ शकतील एवढी रुंद वाट, खाली सुयांचा मऊ थर, मुळं मात्र जागोजागी वर आलेली. खरी कसोटी शेवटी आहे. झाडांतून समुद्राचा आवाज येऊ लागला की वाट वळणं घेत, पायऱ्यांनी खाली उतरते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काही ठिकाणी पावसाने माती धुऊन गेली आहे. सासूबाई दोन काठ्या घेऊन उतरल्या, वीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. आणि येताना हाच चढ चढायचा असतो हे जातानाच धरून चाला.

गुडघ्याला उतार जास्त त्रास देतो. काठ्या घ्याच, आणि घरून निघण्याआधी त्यांची उंची आईंच्या मापाने लावून ठेवा.

रानजाई

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. आईंना सेकंड बीचला नेऊ नका.

घाटवाट यांनी पायऱ्यांचं लिहिलं, पण त्यानंतरचं राहिलं. पायऱ्या संपतात तिथे वाळू सुरू होत नाही. तिथे ओंडक्यांची रास आहे. नद्यांनी वाहून आणलेली, समुद्राने परत फेकलेली अख्खी झाडं, काही तर माझ्या छातीपर्यंत येतील एवढी जाड. दर हिवाळ्यात वादळं त्यांची जागा बदलतात. कुणाला गेल्या वर्षी मधून सरळ वाट मिळाली असेल, यंदा ती असेलच असं नाही. ओले ओंडके बुळबुळीत असतात आणि कोरडे दिसणारे कधी कधी पायाखाली फिरतात. भरतीच्या वेळी तर त्यांच्यावर अजिबात चढू नये. एवढासा पाण्याचा लोंढा आला तरी टनावारी वजनाचा ओंडका तरंगतो आणि लोळतो. या किनाऱ्यावर माणसं अशी दगावली आहेत, म्हणून तर पार्कने जागोजागी त्याच्या पाट्या लावल्या आहेत.

ला पुश गावातच फर्स्ट बीच आहे, रस्त्याला लागून. नदीच्या पलीकडे रिआल्टो बीच आहे, तिथे गाडीतळापासून समुद्र दिसतो. (दोन्ही समोरासमोर दिसत असले तरी मध्ये क्विलियूट नदी आहे, गाडीने बराच वळसा पडतो.) दक्षिणेला कॅलालॉकच्या वाटेवर रूबी बीच आहे, त्याची वाट अगदी छोटी. समुद्र तोच आहे.

घाटवाट

ओंडक्यांचं लिहायचं राहिलं, मान्य. आम्ही ओहोटीला गेलो होतो आणि पायवाटेच्या तोंडाशी वाकून जाण्यासारखी फट होती. पण रानजाई, समुद्र तोच असला तरी ते जंगल फर्स्ट बीचला मिळत नाही. एक किलोमीटर त्या झाडांखालून चालून मग समुद्र दिसणं हीच सेकंड बीचची गोष्ट आहे.

पाऊसवेडी

जंगलाबद्दल थोडं माझ्याकडून.

हा समशीतोष्ण पट्ट्यातला पर्जन्यवनाचा किनारा आहे. इथे वर्षाला सुमारे १०० इंच पाऊस पडतो, म्हणजे अडीच हजार मिलिमीटर. आकडा कोकणाच्या जवळ जातो, पण तऱ्हा पूर्ण निराळी. कोकणात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत रिमझिमत, धुकं धरत राहतो. उन्हाळा त्यातल्या त्यात कोरडा, म्हणून ऑगस्ट चांगला निवडला आहे.

वाटेवर मुख्य झाडं तीन. सिटका स्प्रूस, त्याची साल खवल्यांसारखी सुटते. वेस्टर्न हेमलॉक, त्याचा शेंडा मान टाकल्यासारखा वाकलेला असतो. आणि रेड सीडर, त्याची साल लांब पट्ट्यांनी निघते. खाली कमरेएवढे नेचे. आई-बाबांना एक गोष्ट नक्की दाखवा. एखादं मोठं झाड पडलं की त्याच्या अंगावर शेवाळ धरतं आणि त्या ओलाव्यात नवी रोपं रुजतात. जमिनीवरच्या दाटीत त्यांना जागा मिळत नाही, पडलेल्या खोडावर मिळते. शे-दोनशे वर्षांनी खालचं खोड कुजून जातं आणि वरची झाडं एका रांगेत, मुळांच्या पायांवर उभी राहतात. खाली पोकळी दिसते ना, तिथे आधी ते झाड होतं. इथे अशा खोडाला नर्स लॉग म्हणतात. मी मनात त्याला ओटी म्हणते.

खाली बघून चाला. बनाना स्लग नावाची पिवळी, वीतभर लांब गोगलगाय वाटेवर असते, शंख नसलेली. पायाखाली सहज येते.

खाडीकाठ

मूळचा मी दापोलीकडचा, आता टकोमात. मी फक्त भरती-ओहोटीबद्दल लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

बाबांना तिथीचा हिशेब येत असणारच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याचाच हा पाऊण तास. चंद्र इकडेही तोच आहे, पण हा हिशेब जसाच्या तसा इथे लावू नका. एक तर उन्हाळ्यात आपली घड्याळं एक तास पुढे असतात. दुसरं म्हणजे प्रत्येक किनाऱ्याची आपली वेळ असते. आणि तिसरं, इथे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक ओहोटी खूप खाली जाते, दुसरी निम्म्यावर थांबते. त्यामुळे "ओहोटी आहे" एवढंच कळून भागत नाही, पाणी किती फुटांपर्यंत उतरणार ते बघावं लागतं. सरकारी हवामान आणि सागर संस्थेच्या संकेतस्थळावर ला पुशचा तक्ता मिळतो. तो घरूनच कागदावर उतरवून न्या, तिकडे फोनला रेंज मिळेलच असं नाही.

उन्हाळ्यात इथली मोठी ओहोटी सकाळची असते. म्हणून आदल्या रात्री फोर्क्सला मुक्काम करा (तिथून ला पुश सुमारे पंधरा मैल) आणि पहाटे निघा. सिएटलहून त्याच दिवशी जायचं तर फेरीबोट धरून चार तास आणि वर, तोवर पाणी चढलेलं असेल.

ओहोटीला खडकांच्या कुंडांत हिरवी समुद्रफुलं आणि जांभळे-केशरी तारामासे दिसतात. २०१३ पासून तारामाशांच्या रोगाने या किनाऱ्यावर फार हानी केली. पुन्हा दिसू लागलेत याचा मला फार आनंद आहे. हात लावू नका, आणि पाऊल मोकळ्या वाळूवर किंवा उघड्या दगडावरच टाका.

पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका कुणालाच. पाणी दहा-बारा अंशांचं असतं, आणि मधूनच एखादी लाट बाकीच्यांच्या दुप्पट वर येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

मृण्मयी_सिएटल

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, राग कसला? उलट ओंडक्यांचं मी विसरूनच गेले होते. मी तरुण पायांनी गेले होते, त्यामुळे ते लक्षातच राहिलं नव्हतं.

अजून एक. तारखा बघितल्या तर आमच्या बेतात नारळी पौर्णिमा येते. बाबा दरवर्षी त्या दिवशी समुद्राला नारळ देतात. त्यांनी आजवर एकही वर्ष चुकवलेलं नाही. इथे नारळ सोडणं चालेल का?

पाऊसवेडी

मृण्मयी, माझं मत नको असं आहे. नॅशनल पार्कमध्ये बाहेरची वस्तू टाकून येऊ नये हा साधा नियम आहे आणि तो बरोबर आहे. इथल्या किनाऱ्यावर नारळ हे परकं फळ. शिवाय तो किनारा आणखी कुणाच्या तरी श्रद्धेचा आहे.

खाडीकाठ

सहमत. बाबांना समजावून सांगितलं तर समजेल. कोळी-खारवी माणसाला समुद्राचा मान ठेवायला शिकवावं लागत नाही.

तिसरी_लाट

पाऊसवेडी यांनी शेवटी जे लिहिलं त्याबद्दल सविस्तर लिहायचंय. या बीचला जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

सेकंड बीचची वाट क्विलियूट या इथल्या मूळनिवासी लोकांच्या राखीव भूमीतून सुरू होते. ला पुश हे त्यांचं गाव. त्यांची भाषा आसपासच्या भाषांशी नातं नसलेली, फार थोड्यांच्या ओठांवर उरलेली. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने त्यांना राखीव जमीन मिळाली, जेमतेम एक चौरस मैल. त्याच वर्षी माणसं कामासाठी बाहेर गेलेली असताना, जमिनीवर हक्क सांगणाऱ्या एका गोऱ्या वसाहतवाल्याने गावातली २६ घरं जाळली. पिढ्यान्‌पिढ्यांची अवजारं, टोपल्या, मुखवटे, सगळं त्यात गेलं.

१९३८ मध्ये नॅशनल पार्क झालं, १९५३ मध्ये किनाऱ्याची पट्टी त्यात आली. गाव तीन बाजूंनी पार्कने वेढलेलं, चौथीकडे समुद्र. आणि गाव आहे त्सुनामीच्या तोंडावर. या किनाऱ्याजवळच समुद्रतळाखाली कॅस्केडियाची भूकंपाची भेग आहे. २६ जानेवारी १७०० च्या रात्री तिथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट जपानपर्यंत पोचली आणि तिथल्या दप्तरांत नोंदली गेली, म्हणून तर तारीख कळते. क्विलियूटांची शाळा लाटांपासून हाकेच्या अंतरावर होती. वर सरकायला जमीन नव्हती.

बरीच वर्षं पार्कशी हद्दीचा वाद चालला. त्या काळात सेकंड बीचची वाट त्यांनी बंदही केली होती. अखेर २०१२ मध्ये कायदा झाला आणि पार्कची सुमारे ७८५ एकर जमीन त्यांच्याकडे आली. त्याच कायद्यात सेकंड बीच आणि रिआल्टोला लोकांना जाता येईल ही हमी लिहिली गेली. २०२२ मध्ये शाळा वर, उंचावर गेली.

म्हणजे ज्या वाटेने आपण जातो ती आपल्याला मिळाली आहे ती या देवाणघेवाणीतून. गाडी आखलेल्या जागेतच लावा. गावासमोर समुद्रात जे जंगल माथ्यावर घेतलेलं बेट दिसतं, ते अकालात. इंग्रजी नाव जेम्स आयलंड. तिथे त्यांच्या प्रमुखांना दफन करत. ते लांबूनच बघायचं. सेकंड बीचसमोरच्या सुळक्यांवरही चढायचं नसतं. १९०७ पासून ते समुद्रपक्ष्यांसाठी राखीव आहेत.

आणि वाटेत त्सुनामीची निळी पाटी दिसेल. जमीन बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता त्याच पायऱ्यांनी वर जंगलात जायचं. आई-बाबांना हे उतरण्याआधी सांगून ठेवा.

सागरगोटा

तिसरी_लाट, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

"सार्वजनिक" किनाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी नवीन आलोय इकडे. घराजवळ प्युजेट साउंडच्या कडेने चालत होतो तर एका बाईंनी सांगितलं, ही खासगी जागा आहे. भरतीच्या रेषेच्या खाली चालत होतो मी! आपल्याकडे समुद्राची वाळू कुणाच्या मालकीची असते हे माझ्या डोक्यातच बसेना.

तिसरी_लाट

वॉशिंग्टन राज्यात असतं असं. १८८९ मध्ये राज्य झाल्यावर सरकारने भरती-ओहोटीमधली जमीन विकायला काढली आणि ती विक्री १९७१ मध्ये थांबली. तोवर पुष्कळ किनारा खासगी झाला होता. शेजारच्या ऑरेगॉनने १९६७ मध्ये कायदा करून समुद्राची वाळू सगळ्यांना मोकळी ठेवली. म्हणून ऑलिंपिकच्या किनाऱ्याची ही सत्तरेक मैलांची पट्टी फार मोलाची आहे.

मृण्मयी_सिएटल (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर झालं ते नीट सांगायलाच हवं.

फोर्क्सला मुक्काम केला. आदल्या संध्याकाळी आईला घेऊन फर्स्ट बीचला गेलो, रानजाईंचं ऐकून. ती वाळूत बसली, पाण्याला हात लावला, अकालातकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणजे उद्या काहीही झालं तरी समुद्र तिला भेटला होता. रानजाई, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आमच्यावर कसलंही दडपण नव्हतं. हा सल्ला मी यापुढे सगळ्यांना देणार आहे.

बाबांनी रात्री बोटांवर हिशेब केला. पौर्णिमा, सव्वाअकराला भरती. तक्त्यात दुपारी एकच्या पुढची होती. खाडीकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाले, "एक तास तुमच्या घड्याळाचा, बाकीचा त्या समुद्राचा." त्यांना ते लगेच पटलं.

सकाळी सव्वासहाला वाटेवर होतो. धुकं होतं. आईने दोन काठ्या घेतल्या होत्या, तिच्या पुढे मी, मागे नवरा. साकव ओलांडला आणि आवाजच बंद झाला. शेवाळ सगळा आवाज पिऊन टाकतं. बाबा चालता चालता थांबले आणि त्यांनी चपला काढू का असं विचारलं. मला क्षणभर कळलं नाही. त्यांच्या गावच्या देवराईत अनवाणीच जातात. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. मी म्हटलं, बाबा, मुळं आहेत, बूट राहू द्या. त्यांनी बूट ठेवले, पण त्यानंतर खालच्या आवाजातच बोलले.

पाऊसवेडी, तुमची ओटी दाखवली. चार हेमलॉक एका रांगेत, खाली माणूस वाकून जाईल एवढी पोकळी. आई त्या पोकळीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "गेलेल्याची जागा ठेवलीय त्यांनी."

मग पायऱ्या. पहिल्या वळणापर्यंत आई उतरली. तिथून झाडांच्या मधून वाळू, पाणी आणि दोन सुळके दिसतात. तिने खाली बघितलं, पायऱ्या मोजल्या, आणि म्हणाली की मी इथे बसते. आग्रह करायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. नवरा तिच्यासोबत थांबला. तिला ती जागा आवडली होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. नंतर तिने सांगितलं की खालून वर येणाऱ्या एका बाईंनी तिला "गुड मॉर्निंग" म्हणून शेजारी बसकण मारली आणि दोघींनी भाषेशिवाय एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मी आणि बाबा खाली गेलो. ओंडक्यांच्या राशीत डाव्या अंगाला वाट होती, पण एका ठिकाणी बसून पाय पलीकडे टाकावे लागले. आई इथून गेली नसती. पाणी खूप आत गेलं होतं. ओल्या वाळूवर सुळक्यांची प्रतिबिंबं, उत्तरेच्या टोकाला खडकातलं आरपार भोक, आणि धुक्यात पुढचं काहीच नाही.

नारळाचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. नियम सांगितला तेव्हा ते गप्प होते. मग तिसरी_लाट यांचं सगळं वाचून दाखवलं, जळलेल्या घरांपर्यंत. त्यावर ते म्हणाले, "मग त्यांच्या समुद्राला आपण आपला नारळ कशाला द्यायचा? त्यांचं काय असेल ते ते देत असतील." पाण्याच्या कडेला जाऊन त्यांनी टोपी काढली, ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि परत सोडलं. मग मला विचारलं की आत्ता वेळणेश्वरला किती वाजले असतील. सकाळचे साडेसात वाजले होते, म्हणजे तिकडे रात्रीचे आठ. गावात नारळ देऊन माणसं घरी परतली असतील, नारळीभाताचं पान वाढलं असेल, असं म्हणाले.

पाणी वळल्यावर लगेच वर निघालो. चढताना बाबा तीनदा थांबले. एकूण तीन तास लागले सगळ्याला.

रानजाई

मृण्मयी, वाचून खूप बरं वाटलं. आईंच्या बसण्याच्या जागेचं विशेष. माझ्या सासऱ्यांना पुढच्या महिन्यात तिथपर्यंत नेईन म्हणते. त्या वळणावर टेकायला काही आहे का?

मृण्मयी_सिएटल

एक आडवं खोड आहे, वाटेच्या वरच्या अंगाला. ओलं असतं, खाली घालायला प्लास्टिक न्या.